झिजलेला ऐंशी नंबर

पोस्टिंग : फोर्ट विल्यम, कोलकाता



मागच्या लेखानंतर दोघातिघा माजी सैनिक मित्रांचे फोन आले. "फोर्ट विल्यमवर कधी लिहिणार?" त्यांना क्लाइव्ह, पलाशी, 1971 असं काहीतरी अपेक्षित असणार. ते येईलच. पण मी सॅपर, ट्रेड आर्टिसन वुडवर्क. फोर्ट विल्यम म्हटलं की मला आधी आठवतो सागाचा भुसा आणि विजेच्या सँडरवर लावायची पाच इंचाची एक गोल कागदी चकती. त्या चकतीने मला जे शिकवलं ते खडकीच्या ट्रेनिंगमध्ये उस्तादांनी दहा वेळा सांगूनही डोक्यात शिरलं नव्हतं.

2010 चा नोव्हेंबर. 16 डिसेंबरचा विजय दिवस तोंडावर आला होता. ईस्टर्न कमांडचं हेडक्वार्टर फोर्टमध्येच, त्यामुळे त्या दिवसाला इथे वेगळंच महत्त्व. 71 ची लढाई लढलेले आपले जुने लोक येतात, बांगलादेशातून मुक्तियोद्धे येतात. आमच्या युनिटकडे एक सागवानी फलक होता. लढाईत कामी आलेल्या जवानांची नावं त्यावर देवनागरीत कोरलेली. वर्षानुवर्षं पॉलिशवर पॉलिश चढून तो काळा पडला होता, नावं वाचायला बॅटरी लागायची. साहेबांनी बोलावलं आणि म्हणाले, "जुनं सगळं काढ, सागाचा रंग दिसला पाहिजे. दहा दिवस आहेत तुझ्याकडे."

स्टोअरमधून मिळाल्या ऐंशी नंबरच्या सहा चकत्या. फौजेत कसं असतं, जुनं जमा करा आणि नवं घ्या. मी गावाकडचा माणूस, घरात साबणाची शेवटची चिपटीसुद्धा नव्या वडीला चिकटवणारा. म्हटलं सहात भागवू.

फलकाची गोष्ट पुढे सांगतो. आधी ज्या किल्ल्यात ती घडली त्याच्याविषयी.

आधीचा किल्ला का पडला

आज आपण ज्याला फोर्ट विल्यम म्हणत आलो तो दुसरा. पहिला इंग्रजांनी 1696 मध्ये हुगळीकाठी बांधायला घेतला आणि 1700 मध्ये त्याला राजा तिसरा विल्यम याचं नाव दिलं. कोलकात्याचं जनरल पोस्ट ऑफिस आहे ना, तो सगळा त्या पहिल्या किल्ल्याचा परिसर.

या शहराच्या भीतीत आपला मराठी वाटा मोठा आहे. 1742 मध्ये नागपूरकर रघुजी भोसल्यांचे सेनापती भास्कर राम बंगालमध्ये उतरले. आपला 'बारगीर' हा शब्द बंगालीत 'बर्गी' झाला आणि आजही तिथल्या आया त्या नावाने पोरांना झोपवतात. माझ्या नेमप्लेटवरचं आडनाव वाचून एका बंगाली दुकानदाराने हसत हात जोडले होते, "बर्गी आलेत!" तर त्या धास्तीने कोलकात्याच्या लोकांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. त्याचं नाव मराठा डिच. सात मैल खणायचा बेत होता, तीनेक मैल झाला आणि काम थांबलं. मराठे काही कोलकात्यावर आले नाहीत. 1799 मध्ये खंदक बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला. म्हणजे आज आपण आचार्य जगदीशचंद्र बोस रोडवरून बसने जातो तेव्हा मराठ्यांच्या भीतीवरून जात असतो.

मराठे आले नाहीत, पण 1756 च्या जूनमध्ये सिराजउद्दौला आला आणि चार-पाच दिवसांत किल्ला घेतला. का पडला एवढ्या लवकर? फौज मोठी होती हे खरं. पण आतली अवस्था अशी, की तटाला लागून गोदामं उभी केलेली, शेजारची घरं तटाहून उंच, बरीचशी दारू सर्द झालेली, तोफा जमिनीवर पडलेल्या आणि त्यांचे लाकडी गाडे कुजलेले. तोफ शाबूत असली तरी गाड्याशिवाय ती लोखंडाचा ओंडका. गाडे एका रात्रीत कुजत नाहीत. रोज कुणीतरी बघत असतं आणि रोज म्हणत असतं, चालेल अजून थोडे दिवस.

त्याच वर्षी फेब्रुवारीत क्लाइव्ह आणि अ‍ॅडमिरल वॉटसन हे दोघे आपल्या कोकणात होते. पेशवे आणि इंग्रज मिळून तुळाजी आंग्र्यांवर चालून गेले होते, त्यात या दोघांनी विजयदुर्ग घेतला आणि आंग्र्यांचं आरमार जळालं. कोलकाता पडल्याची खबर मद्रासला पोचल्यावर हेच दोघे बंगालला निघाले आणि 2 जानेवारी 1757 ला त्यांनी कोलकाता परत घेतलं. पुढे पलाशी. जुना किल्ला पुन्हा उभा करण्यात अर्थ नाही हे क्लाइव्हने ओळखलं आणि 1758 मध्ये थोडं दक्षिणेला, गोविंदपूरच्या जागेवर नवा किल्ला सुरू केला. तो पुरा व्हायला 1781 उजाडलं. आठ कोनांचा, पाच बाजू जमिनीकडे, तीन नदीकडे. समोरची झाडी तोडून तोफांच्या माऱ्यासाठी मोकळी जागा ठेवली, ते आजचं मैदान. गंमत म्हणजे या किल्ल्यावर कधी हल्ला झालाच नाही.

कंडेम कोण करणार

पण 1756 चा धडा कंपनी विसरली नाही. 1775 मध्ये फोर्ट विल्यममध्येच बोर्ड ऑफ ऑर्डनन्सची स्थापना झाली. आपली आर्मी ऑर्डनन्स कोअर आपला वंश तिथपर्यंत नेते. 1787 मध्ये ईशापूरला दारूचा कारखाना, आणि 1801 मध्ये काशीपूरला गन कॅरेज एजन्सी. गन कॅरेज म्हणजे तेच, तोफांचे लाकडी गाडे. 18 मार्च 1802 ला तिथे काम सुरू झालं. म्हणून 18 मार्च हा ऑर्डनन्स फॅक्टरी दिवस. पुढच्याच वर्षी, 1803 च्या सप्टेंबरात, असईला शिंद्यांच्या तोफांसमोर आर्थर वेलस्ली उभा होता. त्याचा थोरला भाऊ तेव्हा फोर्ट विल्यममध्ये गव्हर्नर जनरल.

ऑर्डनन्सचं काम बाहेरच्याला फक्त हिशेबाचं वाटतं. माझ्या मते त्याचा गाभा एका प्रश्नात आहे. समोरची वस्तू सर्व्हिसेबल, रिपेअरेबल की अनसर्व्हिसेबल? तोफ झिजते तीही सगळीकडे सारखी नाही. बत्ती द्यायचा कान आधी रुंदावतो, मग तिथे तांब्याची गुटी बसवायची. तोफ तीच, कान नवा. कोणता भाग कधी बदलायचा हे कळणं म्हणजे कारागिरी. कंडेम बोर्डावर बसलेल्यांना माहीत आहे, नवी वस्तू खरेदी करणं सोपं, चालती वस्तू बाद ठरवायला छाती लागते.

एका कागदाची तीन नावं

पहिल्या दोन दिवसांत दोन चकत्या झिजल्या म्हणून मी चांदनी मार्केटमध्ये चौकशीला गेलो. आपल्याकडे रंगारी 'पॉलिश पेपर' म्हणतात, जुने सुतार 'काचकागद'. फौजेत हिंदीत 'रेगमाल'. दुकानदार म्हणाला, "शिरीष कागोज?" मला वाटलं शिरीषाच्या झाडाचा काही संबंध असेल. नंतर कळलं की बंगालीतलं हे 'शिरीष' म्हणजे सुताराचा डिंक, आपला सरस. दोन्ही शब्द एकाच फारसी शब्दाचे भाऊ.

म्हणजे बघा, मराठीने नाव दिलं कागदावरच्या खड्यावरून, काच. बंगालीने दिलं खडा धरून ठेवणाऱ्या सरसावरून. आणि रेगमालात 'रेग' म्हणजे वाळू आणि 'माल' म्हणजे चोळणं, आपल्या मालिशमधलंच. खडा, सरस आणि चोळणं. कागद निकामी होतो तोही याच तीन वाटांनी.

या कागदाचा इतिहास जुना आहे. तेराव्या शतकात चिनी लोक शिंपल्यांचा चुरा आणि वाळू डिंकाने चर्मपत्रावर चिकटवत. युरोपातले कारागीर शार्क जातीच्या माशांचं वाळवलेलं कातडं वापरत. आपल्याकडे शिकलगार आणि रत्नं घासणारे कारागीर कुरुंदाची पूड लाखेत कालवून चाकं बनवत. हा आपला कुरुंद इंग्रजीत गेला आणि 'कोरंडम' झाला. 1891 मध्ये अमेरिकेत अ‍ॅचेसन नावाच्या माणसाला विजेच्या भट्टीत कठीण निळे-काळे स्फटिक मिळाले, त्यांचं नाव त्याने ठेवलं 'कार्बोरंडम'. त्या नावात अर्धा शब्द आपला आहे.

कारखान्यात कागद बनवणं 1830 च्या दशकात सुरू झालं. लंडनमध्ये 1833 मध्ये जॉन ओकीने धंदा काढला. त्याच्या कारखान्याचं नाव पुढे 'वेलिंग्टन मिल्स', म्हणजे आपल्या असईवाल्या वेलस्लीचंच. अमेरिकेत 1834 मध्ये आयझॅक फिशरने पेटंट घेतली. 1921 मध्ये थ्री एम कंपनीने पाण्यात चालणारा कागद काढला, तो आपला वॉटर पेपर. महाराष्ट्रात उरणजवळ मोरा इथे 1941 मध्ये ग्राइंडवेल सुरू झाली आणि घासायची चाकं देशातच बनू लागली.

थ्री एमची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. 1914 मध्ये त्यांच्या कागदावरचे खडे गळू लागले. गिऱ्हाइकं ओरडू लागली. खडा चांगला, सरस चांगला, मग झालं काय? शेवटी कुणीतरी ते खडे पाण्यात टाकले आणि वर तेलाचा तवंग आला. स्पेनहून येताना जहाजात शेजारी ऑलिव्ह तेल होतं, वादळात ते सांडलं आणि खड्यांनी पिऊन घेतलं. तेलकट खड्याला सरस धरणार कसा? खडे भाजून तेल काढावं लागलं. दोष डोळ्यांना दिसत नव्हता, कामात दिसत होता.

फलक

आता माझी चूक.

साग हे लाकूड कागदाचं दुहेरी वैरी. त्यात तेल असतं, ते भुश्याला चिकट करतं आणि खड्यांमधल्या फटी बुजवतं. शिवाय त्यात वाळूसारखा कठीण अंश असतो, तो खड्याची धार मारतो. वरून जुनं पॉलिश. मशीन गरम झालं की ते वितळून कागदावर मेणासारखं बसतं. तिसऱ्या दिवसापर्यंत माझ्या चार चकत्या गेल्या होत्या. पाचवी लावली आणि ठरवलं, ही पुरवायची.

तिने तासाभरात मला सगळं सांगितलं होतं. भुसा उडायचा कमी झाला. जो उडत होता तो पिठासारखा मऊ. मशीनचा आवाज बदलला, चरचर जाऊन नुसती घरघर. लाकडाला हात लावला तर गरम. पृष्ठभाग खरखरीत न राहता चकचकीत दिसू लागला, आणि मी खूश झालो. म्हटलं ऐंशी नंबर झिजून एकशेवीसचं काम करतोय, फुकटात फिनिशिंग!

मंडळी, लाकूडकाम करणाऱ्यांमध्ये हा गैरसमज फार आहे, म्हणून नीट सांगतो. झिजलेला ऐंशी म्हणजे एकशेवीस नव्हे. नंबर म्हणजे ढोबळमानाने एका इंचात किती छिद्रांच्या चाळणीतून खडा गाळला ते. खडा बोथट झाला म्हणून बारीक होत नाही, जाडच राहतो. तो कापायचं सोडून दाबायला लागतो. लाकडाचे तंतू दबतात, भाजतात, चकाकतात. आणि मधूनच एखादा खडा शाबूत असतो, तो खोल ओरखडा मारून जातो. त्या चकाकीवर पॉलिश लावलं की ते कुठे शोषलं जातं, कुठे नाही. डाग डाग दिसतात. वर तो एकटा ओरखडा गोल शेपटीसारखा उठून दिसतो.

चकती कापेना तेव्हा मी जोर लावला. सँडरवर जोर लावायचा नसतो, मशीनचं वजन पुरेसं असतं. जोर दिला की चकतीचं फिरणं मंदावतं आणि ती एकाच जागी उगाळते. तरी कापेना, तेव्हा मी सगळ्यात वाईट गोष्ट केली. चकतीच्या कडेला थोडे खडे ताजे होते म्हणून मशीन तिरकं धरलं. एका क्षणात कडेने चंद्रकोरीसारखी खाच पाडली, एका नावावरून.

नाव मी इथे लिहीत नाही. त्या नावात एक रफार होता. कोरलेल्या अक्षरात रफार सगळ्यात नाजूक, उथळ. तो गेला. खाली उरलेली अक्षरं दुसरंच नाव वाचत होती.

मी मशीन बंद केलं. किती वेळ बसलो ते आठवत नाही. दहाबारा रुपयांची एक चकती वाचवायला गेलो होतो. त्या माणसाचं त्या किल्ल्यात जे काही उरलं होतं ते म्हणजे लाकडात खोदलेली ती एक ओळ, आणि तिच्यातलं एक अक्षर मी पुसलं.

साहेबांना जाऊन सांगितलं. ते ओरडले नाहीत. म्हणाले, "दुरुस्त होईल का?" मी म्हणालो, माझ्याने नाही. तेव्हा फोर्टबाहेर काम करणाऱ्या एका म्हाताऱ्या बंगाली मिस्त्रींना बोलावलं. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. दादांनी फलक खिडकीशी उभा केला, बाजूने उजेड पडेल असा. मग माझी चकती उचलली, अंगठा फिरवला आणि हिंदी-बंगाली मिसळून एवढंच म्हणाले, "हिचा दिवस काल संध्याकाळी संपला होता, बाबू."

खाच भरायची नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी त्या ओळीभोवतालचा भाग हळूहळू उतरवत खाचेच्या तळाला आणला आणि सगळ्या फलकावर तो उतार मिसळून टाकला. त्यासाठी नव्याकोऱ्या अकरा चकत्या गेल्या. ऐंशी, मग एकशेवीस, मग एकशेऐंशी, शेवटी दोनशेवीस हाताने. मग अरुंद पटाशीने प्रत्येक नाव पुन्हा खोल केलं. सगळी नावं. एकच खोल केलं तर ते वेगळं दिसेल, म्हणाले. जुन्या यादीवरून मी एकेक नाव वाचायचो, ते कोरायचे. रफाराला त्यांनी चहा पिऊन हात लावला.

चकती कधी बदलायची

त्या पाच दिवसांत दादांकडून आणि पुढे स्वतःच्या हाताने जे कळलं ते इथे देतो. निवृत्तीनंतर घरी सँडर घेतलेले बरेच जण वाचक आहेत, त्यांच्या उपयोगी पडेल.

काम सुरू करताना लाकडावर पेन्सिलने हलक्या आडव्यातिडव्या रेघा ओढा. नव्या चकतीला त्या पुसायला किती फेऱ्या लागल्या ते मोजा. त्याच्या दुप्पट लागू लागल्या की चकती काढा. घड्याळावर जाऊ नका. जुन्या पॉलिशवर चकती काही मिनिटांत जाते, कोऱ्या लाकडावर बराच वेळ चालते.

काढलेली चकती न वापरलेल्या चकतीशेजारी धरून अंगठ्याने तपासा. फटी भुश्याने भरल्यात पण खडा टोचतोय, तर ती रिपेअरेबल. क्रेप रबराच्या तुकड्याने, जुन्या क्रेप सोलने सुद्धा, चालत्या चकतीवरचा मळ निघतो. मशीन घट्ट धरा. खडाच बोथट वाटला, कागद चकाकला, कड फाटली, किंवा मेणासारखा गोळा चिकटलाय आणि निघत नाही, तर अनसर्व्हिसेबल. एकाच गोळ्याने अख्खं काम बिघडतं.

तुमचा हात स्वतःहून मशीन दाबायला लागला, तर चकती आधीच गेलेली आहे. सगळ्यात खरी खूण ही. डोळ्याआधी हाताला कळतं, आपण ऐकत नाही.

कागद कोरड्या जागी ठेवा. हल्ली सरसाऐवजी रेझिन असतं, तरी कोलकाता-कोकणच्या पावसात कागद वाकडा होतो आणि खडे सुटतात. आणि मास्क लावा. लाकडाचा बारीक भुसा छातीला वाईट. जुन्या इमारतीच्या रंगात शिसं असू शकतं, तो रंग कोरडा घासूच नका.

16 डिसेंबर

फलक वेळेत भिंतीवर गेला. सकाळी विजय स्मारकावर पुष्पचक्रं झाली. दुपारी जुने लोक युनिटमध्ये आले. एक आजोबा फलकापुढे उभे राहिले. चष्मा विसरले होते बहुतेक, कारण नावं ते बोटाने वाचत होते, वरून खाली, एकेक. त्या ओळीवर त्यांचं बोट आलं आणि रफारावरून तसंच पुढे गेलं. थांबलं नाही. मी कोपऱ्यात चहाचा ट्रे धरून उभा होतो.

आता त्या किल्ल्याचं नाव बदललं आहे. 2024 च्या डिसेंबरात फोर्ट विल्यमचा 'विजय दुर्ग' झाला आणि सेंट जॉर्ज गेटचा 'शिवाजी गेट'. ज्या क्लाइव्हने आपला विजयदुर्ग घेतला त्यानेच उभारलेल्या किल्ल्याला विजयदुर्गाचंच नाव मिळालं, हे वाचून मी गावच्या पारावर दोघांना पेढे दिले. नाव बदलायला वेळ लागला, पण बदललं.

मी आजही प्रत्येक चकतीच्या पाठीवर पेन्सिलने तारीख आणि काम लिहितो. माझा नातू विचारतो, आजोबा, कागदावर कशाला लिहिता, टाकूनच तर द्यायचा आहे. त्याला सांगतो, टाकायचा आहे म्हणूनच.

जय हिंद.